तात्या सोपं करतात

ट्रॅक्टरला माती भुसभुशीत करणारा रोटर जोडायला दोन माणसं लागतात. एक ट्रॅक्टरवर बसलेला ड्रायव्हर आणि दुसरा रोटरपाशी उभा राहून ‘घे मागं, घे, घे... बास बास बास!’ म्हणणारा. आमच्या गावात तिसराही एक असतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. पहिले दोघे रोटर जोडत असतात आणि हा तिसरा, म्हणजे आमचे तात्या, ते जोडणं सोपं करत असतात. त्यामुळे न्याहारीआधी उरकायच्या कामाला जेवणवेळ होते.

तात्या आमच्या गावचे असले तरी हा वाण महाराष्ट्रभर उगवतो. कुणी आंबे उतरवणं सोपं करतो, कुणी गच्चीतली टाकी धुणं, कुणी सोसायटीच्या आवारात गाडी लावणं. मूळ काम या माणसांना येत नसतं असं मुळीच नाही. उत्तम येत असतं. येतं म्हणूनच ते रोज तसंच करत राहणं त्यांना कमीपणाचं वाटतं. तात्यांनी परड्यातलं फाटक माजघरात बसल्या बसल्या उघडावं म्हणून कप्पी आणि दोरी बसवली आहे. फाटक उघडतं. बंद करायला मात्र परड्यात जावं लागतं. काकी एवढंच म्हणतात, “आधी एक हेलपाटा व्हता, आता दोरी गुंडाळायला दुसरा.”

गाव पलूस तालुक्यातलं. एका अंगाला कृष्णाकाठचा ऊस, दुसऱ्या अंगाला तासगावकडे सरकत गेलेल्या द्राक्षबागा. किर्लोस्करवाडी जवळच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर कारखाना उभा केला, लोखंडी नांगर करायला घेतले, आणि तेव्हापासून या पट्ट्यात दर दोन घरांआड एक फिटर निपजतो, असं तात्यांचं मत. त्यांचे वडील त्या कारखान्यात होते. तात्या स्वतः जन्मभर शेतीच करत आले, पण “आमच्या रगतात आइल हाय” हे वाक्य ते पाहुण्यांना चहाआधी ऐकवतात.

तात्या एरवी धोतरात असतात. लग्नात, बाजारात, ग्रामसभेत, सगळीकडे पांढरं स्वच्छ धोतर. ट्रॅक्टरपाशी जायचं असलं की मात्र ते निळ्या पट्ट्यांची चड्डी चढवतात. गावात तात्या चड्डीवर दिसले की समजायचं, कुठंतरी पीटीओ, म्हणजे अवजाराला ताकद देणारा ट्रॅक्टरच्या मागचा दांडा, फिरणार आहे. बंडीच्या खिशात दोन-तीन चाप, सुतळी, खडूचा तुकडा आणि ग्रीसने काळी पडलेली मोजपट्टी. तिच्यावरचे आकडे आता फक्त तात्यांनाच वाचता येतात, त्यामुळे त्यांनी सांगितलेल्या मापावर वाद होत नाही.

आता खरं सांगायचं तर रोटर जोडणं ही गोष्ट माणसाला शिव्या शिकवणारीच आहे. आमच्या दादाकडे बागेत फिरणारा एकच छोटा ट्रॅक्टर. त्याला सकाळी रोटर लावून ओळीतलं गवत मारायचं, संध्याकाळी रोटर सोडून औषध फवारणीचा ब्लोअर लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उलट. ज्यांचं बरं चाललंय ते एक जुना ट्रॅक्टर ब्लोअरला कायमचा जोडूनच ठेवतात. बाकीच्यांच्या नशिबी ही रोजची सोडजोड.

रोटर चांगला अडीच-तीनशे किलोंचा. तो आदल्या दिवशी मऊ जमिनीत टाकलेला असतो, एक बाजू रुतलेली, एक वर. ट्रॅक्टर मागे घ्यायचा तो बोटभर अंतराच्या हिशेबाने. आधी ट्रॅक्टरचा डावा हात पिनेत जातो. उजवा जात नाही, कारण रोटर तिरका बसलाय. मग उजव्या हाताची मूठ फिरवून तो वर-खाली करायचा. तो एकदाचा गेला की वरचा हात, म्हणजे टॉपलिंक, आखूड पडते. ती फिरवून लांब केली की सगळ्यात शेवटी शाफ्ट. शाफ्टच्या तोंडात सहा खाचा, ट्रॅक्टरच्या दांड्यावर सहा दाते. ते दाते त्या खाचांत बसवायचे, एका हाताने बटण दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने पंधरा-वीस किलोंचा शाफ्ट पेलायचा, आणि हे सगळं ट्रॅक्टर आणि रोटरच्या मधल्या जागेत, जिथे धड बसता येत नाही आणि धड उभंही राहता येत नाही.

“लग्नाला छत्तीस गुण बघत्यात,” तात्या म्हणतात. “हितं सहाच. तरी जुळंनात!”

हिशेबाने जुळायला फार काही लागत नाही. सहा दाते म्हणजे दर साठ अंशांवर एक जुळणी. दांडा जास्तीत जास्त तीस अंश इकडे नाहीतर तिकडे फिरला की शाफ्ट आत जायला हवा. पण तो फिरायला हवा ना! पीटीओचा दांडा गिअरमध्येच राहिलेला असला तर ट्रॅक्टरच्या बाजूचं काही हलत नाही. रोटरची पाती मातीत रुतलेली असली तर रोटरच्या बाजूचं काही हलत नाही. मग माणूस हातोडा आणतो. हातोडा दिसला की तात्या चड्डी घालून निघतात.

त्यांचा पहिला मोठा प्रयोग म्हणजे कोबा. “जमीन सपाट न्हाई, हीच सगळी भानगड,” असं निदान करून त्यांनी दादाच्या शेडसमोर सिमेंटचा कोबा घालून घेतला. त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांसाठी दोन रेघा आखल्या आणि रोटरची जागा चौकोनाने ठरवून दिली. रोटर चौकोनात ठेवायचा, चाकं रेघेवर ठेवून मागं यायचं, पिना आपोआप समोर. कल्पना अस्सल होती. त्यात एकच राहून गेलं. गावात उन्हाळ्याच्या तोंडावर एवढा सपाट, स्वच्छ, भरपूर ऊन येणारा कोबा कुणी मोकळा ठेवत नाही. पहिल्या आठवड्यात वहिनींच्या कुरडया आल्या. मग आळीतल्या बायकांचे पापड. मग कुणाचा तरी हरभरा. रोटर पुन्हा बाभळीखाली, तिरका. तात्या रेघा दाखवायला आले तेव्हा त्यांच्या चौकोनात शेवया वाळत होत्या आणि राखण करायला बसलेल्या म्हातारीने त्यांनाच हातात काठी देऊन कावळे हाकायला बसवलं.

दुसरा प्रयोग त्याच्या उलट. ट्रॅक्टर रोटरपाशी नेण्यात त्रास आहे ना? मग रोटरच ट्रॅक्टरपाशी आणायचा. तात्यांनी भंगारातलं लोखंड आणि जुनी बेअरिंगं घेऊन वेल्डिंगवाल्याकडे मुक्काम ठोकला आणि रोटर ठेवायला चार चाकांचा गाडा तयार केला. गाडा खरंच हलका फिरायचा. “बगा, बोटानं ढकलतो,” म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर बोट लावलं. दादाच्या शेडच्या बाजूला थोडा उतार आहे, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं, तात्यांनाही होतं. रोटरला ते नव्यानेच कळलं. तो बोट सोडून निघाला तो शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीत जाऊन थांबला. गंजी ढासळली, आतून दोन मांजरं निघाली. तात्यांनी मागे वळून अत्यंत शांतपणे विचारलं, “आता पटलं का, हलका हाय म्हणून?” नंतर त्या गाड्याला ब्रेक बसवायचं ठरलं, ब्रेकसाठी दांडा ठरला, दांड्याला स्प्रिंग ठरली, आणि शेवटी तो गाडा गणपतीत मूर्ती आणायला मंडळाने नेला तो परत आला नाही.

तिसऱ्या प्रयोगाची गोष्ट तात्या स्वतः सांगत नाहीत. शाफ्ट पेलून हात भरून येतात म्हणून त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबने तो टॉपलिंकला टांगायची युक्ती काढली. शाफ्टचं वजन ट्यूब घेते, माणसाने फक्त दाते जुळवायचे. ही युक्ती मात्र लागू पडली. इतकी लागू पडली की शाफ्ट पहिल्या झटक्यात बसला, सगळ्यांनी ‘वा तात्या!’ केलं, आणि त्या कौतुकात ट्यूब सोडायची राहिली. ड्रायव्हरने पीटीओ टाकला.

पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला ५४०. ऐकायला तो फार वाटत नाही. भागाकार केला की कळतं, सेकंदाला नऊ फेरे. माणसाच्या तोंडून ‘आरं’ निघून ‘थांब’ निघेपर्यंत ट्यूब पुरी गुंडाळली गेली, तुटली, आणि तिचं सुटलेलं टोक मडगार्डावर ठेवलेल्या जेवणाच्या डब्याला लागून डबा बांधावर गेला. कुणाला काही झालं नाही. झुणका तेवढा उसाला मिळाला. पण तात्या त्या दिवशी कुणाशी बोलले नाहीत. ट्यूबच्या जागी धोतराचा सोगा असता तर, हा विचार त्यांच्या मनात आला असणार, कारण चड्डीचा नियम तेव्हापासूनचा. आणि दुसराही एक नियम. ट्रॅक्टर आणि अवजाराच्या मधे कुणीही शिरायच्या आधी तात्या ट्रॅक्टर बंद करायला लावतात, चावी काढून घेतात आणि स्वतःच्या बंडीच्या खिशात टाकतात. शिरलेला माणूस बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभा राहिल्याशिवाय चावी परत मिळत नाही. यात ते लहान-मोठं बघत नाहीत. आमदारांचा ट्रॅक्टर असला तरी चावी खिशात.

नव्या शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर येतं, त्याला फिरू नये म्हणून बारीक साखळी असते. आमच्याकडे शाफ्ट घरी आला की पहिलं काम म्हणजे ते कव्हर काढून फेकणं, कारण ग्रीस मारायला आडवं येतं. पुढे त्या कव्हराचा तुकडा पाटाच्या पाण्याला नळी म्हणून कामाला येतो. तात्यांनी अशी दोन-तीन कव्हरं लोकांच्या पाटातून उपसून काढून पुन्हा शाफ्टवर चढवली आहेत, पाटाचं पाणी दुसऱ्याच्या रानात गेलं तरी पर्वा न करता. मळणी यंत्रात हात जाऊन इतकी माणसं जायबंदी झाली की संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला, हे ते प्रत्येक खळ्यावर सांगतात. बायकांना पदर खोचायला लावतात, पोरींना वेण्या बांधायला लावतात. एवढ्या एका बाबतीत तात्या काहीही सोपं करत नाहीत. अवघडच करून ठेवतात.

तात्यांचं वाचनही याच विषयावरचं. त्यांचं दैवत हॅरी फर्ग्युसन. हा आयर्लंडमधला शेतकऱ्याचा मुलगा. १९०९ साली त्याने स्वतः केलेलं विमान उडवलं आणि पुढे नांगराकडे वळला. “नीट ऐका,” तात्या तरुण पोरांना बजावतात, “त्यो इमान सोडून नांगराकडं आला. तुमी नांगर सोडून इमानाकडं निघालायसा.” फर्ग्युसनच्या आधी ट्रॅक्टर अवजार नुसतं मागे ओढायचा. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टरचं तोंड वर व्हायचं आणि तो चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटायचा. फर्ग्युसनने दोन हात खाली आणि एक वर अशी तीन ठिकाणची जोडणी काढली, १९२६ साली तिचं पेटंट घेतलं, आणि अवजार ट्रॅक्टरचाच भाग झाल्यासारखं उचललं जाऊ लागलं. आज आपल्याकडच्या कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे दिसते ती हीच जोडणी. पुढे १९३८ साली त्याने हेन्री फोर्डबरोबर नुसता हातात हात मिळवून सौदा केला. फोर्डचा नातू कारभारी झाल्यावर तो सौदा मोडला, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५२ साली फोर्ड कंपनीला ९२ लाख ५० हजार डॉलर मोजावे लागले. या गोष्टीचं तात्पर्य तात्या शेतकरी गटाच्या बैठकीत सांगतात, “म्हणून म्हणतो, सातबारा बगितल्याबिगार हात मिळवू नये.”

पीटीओचा इतिहासही त्यांना पाठ. ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद शाफ्टने मागच्या अवजाराला द्यायची सोय अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९१८ च्या सुमारास विकायला आणली. थोड्याच वर्षांत तिथल्या शेती अभियंत्यांनी दांड्याचं माप आणि वेग ठरवून टाकले. त्या ठरवण्याची पुण्याई अशी की आज राजकोटला तयार झालेला रोटर मोहालीला तयार झालेल्या ट्रॅक्टरला सहा दात्यांच्या पस्तीस मिलिमीटर दांड्यावर बसतो. “सगळ्या जगाचं एकमत झालेली ही एकच गोष्ट,” असं तात्या म्हणतात, आणि लगेच ती बदलायच्या मागे लागतात.

कारण पुण्याजवळ मोशीला डिसेंबरात भरणाऱ्या किसान प्रदर्शनात त्यांनी ते पाहिलं. लोखंडी त्रिकोण. एक त्रिकोण ट्रॅक्टरच्या तिन्ही हातांना कायमचा लावलेला, दुसरा अवजारावर. ट्रॅक्टर मागे घ्यायचा, हायड्रोलिक उचलायचं, एक त्रिकोण दुसऱ्यात बसतो, खटका पडतो, काम झालं. पिना नाहीत, मूठ फिरवणं नाही, उतरणंसुद्धा नाही. तात्या त्या स्टॉलसमोर इतका वेळ उभे राहिले की लोक त्यांनाच माहिती विचारू लागले आणि ते देऊ लागले. किंमत मात्र त्यांनी एकदाच विचारली. मग वितीने आणि सुतळीने मापं घेतली, सुतळीला गाठी मारल्या आणि रात्रीच्या एसटीने गावी परतले.

वेल्डिंगवाल्याने त्रिकोण करून दिला. बसवला. रोटर खरोखर एका दमात उचलला गेला, खटका पडला, दादाने टाळी वाजवली. मग शाफ्ट लावायला गेले तर शाफ्ट आखूड! मधे त्रिकोण आल्यामुळे रोटर चांगला पाच-सहा इंच मागे सरकला होता. शाफ्ट म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. काम करताना त्या निदान एक तृतीयांश तरी एकमेकींत असाव्या लागतात. इथे जेमतेम टोकं एकमेकींना शिवत होती. रोटर उचलला की सुटणार, हे उघड होतं. म्हणून तात्यांनी लांब नळीचा शाफ्ट करून आणला. तो त्रिकोणासकट बरोबर बसला. पण शेजाऱ्यांनी रोटर मागून नेला, त्यांच्या ट्रॅक्टरला त्रिकोण नव्हता, आणि लांब शाफ्ट तिकडे जास्तीचा लांब झाला. रोटर उचलताना नळी आतून बुडाला टेकली आणि शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने असा आवाज काढला की ते आमच्या घरी भांडायला येताना ट्रॅक्टरवरून नाही, चालत आले.

म्हणजे आता दोन शाफ्ट झाले. एक त्रिकोणाचा, एक बिनत्रिकोणाचा. दोन्हींच्या नळ्या चौकोनी. एका संध्याकाळी धुवायला म्हणून सुटे केले आणि अंधारात कुणाची नळी कुणात गेली कळलं नाही. त्यातून नळी चौकोनी असली की ती चार तऱ्हांनी आत जाते आणि त्यातल्या दोनच बरोबर असतात. शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस असतात. शाफ्ट वाकडा फिरत असताना एक क्रॉस प्रत्येक फेऱ्यात थोडा पुढे-मागे होतो, दुसरा तेवढाच उलटा पुढे-मागे होऊन ती कसर भरून काढतो. पण त्यासाठी नळीच्या दोन्ही टोकांचे बेचके एका रेषेत यावे लागतात. ते काटकोनात बसले की कसर भरून निघण्याऐवजी दुप्पट होते. दादाने बागेत रोटर टाकला तेव्हा सगळा ट्रॅक्टर थरथरायला लागला. तात्या बांधावरून ओरडले, “ताकद वाढलीया!” दुपारी क्रॉस तुटला.

पुढची गोष्ट नोव्हेंबरातली. ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात, आणि अवेळी पावसाने संध्याकाळपासून झोडपायला सुरुवात केली. ही वेळ द्राक्षवाल्याला ठाऊक असते. घड कुजणार, पानावर डाऊनीची बुरशी येणार, आणि जे काही करायचं ते पाऊस थांबल्या थांबल्या, रात्री असो की पहाट. ट्रॅक्टरला रोटर लावलेला. तो सोडायचा आणि ब्लोअर जोडायचा. दादाकडे तेव्हा जतकडचं एक पोरगं नवीन ड्रायव्हर म्हणून आलेलं होतं. फार बोलत नसे. तात्या बॅटरी, सुतळी, खडू घेऊन चिखलातून चड्डीवर आले. रोटर सोडून ट्रॅक्टर ब्लोअरपाशी लावून झाला होता आणि दादाने घाईत तो चालूच ठेवला होता. तात्यांनी पहिल्यांदा इंजिन बंद करायला लावलं आणि चावी खिशात टाकली. मग घसा साफ करून ब्लोअर सोप्या पद्धतीने कसा जोडायचा, हे सांगायला त्यांनी सुरुवात केली.

“झालं, तात्या,” पोरगं म्हणालं.

“काय झालं?”

“जोडला. चावी द्या.”

तात्यांनी बॅटरी मारून पाहिलं. पिन जागेवर, चाप लावलेला, शाफ्ट बसलेला, बटण बाहेर आलेलं. पोराने शाफ्ट ओढूनही दाखवला. रोटर बाजूला फळीवर सरळ उभा, टेकू लावलेला. तात्यांनी सगळ्याला एक फेरी मारली. शेवटी त्यांनी जरा दुखावलेल्या आवाजात विचारलं, “कशानं झालं?”

पोराने सांगितलं ते फारच साधं होतं. आधीच्या मालकाकडे ते एकटंच होतं. मागं घे म्हणायलासुद्धा कुणी नव्हतं. सकाळी जोडताना जीव जायचा, तेव्हा एक दिवस त्याच्या लक्षात आलं की जोडायचे सगळे हाल आदल्या संध्याकाळी सोडताना होऊन बसलेले असतात. रोटर उतारावर टाकला की सकाळी तिरका. खाली फळी नाही की पाती रुतलेली. पीटीओ गिअरमध्ये सोडला की दांडा फिरत नाही. शाफ्ट चिखलात टाकला की बटण गंजलेलं. म्हणून ते सोडताना सपाट जागा बघतं, खाली फळी ठेवतं, टेकू लावतं, पीटीओ मोकळा करतं, शाफ्ट आकडीला टांगतं, खाचांत ग्रीसचं बोट फिरवतं आणि तोंडाला पिशवी बांधतं. “सोडताना पाच मिन्टं जात्यात, तात्या. जोडताना जात न्हाईत.”

तात्यांनी ऐकून घेतलं. चावी दिली. ब्लोअर बागेत शिरल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, “फळी काय, कुणीबी ठेवंल!”

या एका वाक्यात हा सगळा वाण आला. तात्यांना काम सोपं झालेलं नको असतं, ते त्यांनी केलेलं हवं असतं. ज्या उपायाला डोकं लागत नाही, लोखंड लागत नाही, वेल्डिंग लागत नाही, दहा माणसांत हात वर करून दाखवता येत नाही, तो उपाय त्यांच्या लेखी उपायच नाही. आणि आपण तरी काय वेगळे? सकाळच्या घाईवर नवं यंत्र आणायला आपण कर्ज काढू, पण आदल्या संध्याकाळी दमलेल्या अंगाने फळी शोधायचा आपल्यालाही कंटाळाच.

पुढे आमच्या लक्षात आलं की ते पोरगं आल्यापासून तात्यांचे प्रयोगही यशस्वी व्हायला लागले होते. तात्या नवीन काहीतरी लावत, रोटर पटकन जुळे, तात्या आमच्याकडे बघत. रोटर फळीवर सरळ आणि ग्रीस लावून ठेवलेला होता, हे पोरगं सांगत नसे. तात्यांनी एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं, “माझ्या त्रिकोणापेक्षा तुझी फळी भारी म्हंतोस का?” पोरगं म्हणालं, “न्हाई तात्या. फळीवर त्रिकोण लई भारी चालतो.” तेव्हापासून तात्यांच्या मते गावात यंत्राची जाण असलेली माणसं दोन आहेत.

त्यांच्या हिशेबाची एक बाजू मात्र खरी आहे आणि ती लिहायलाच हवी. तात्यांच्या कोब्यावर आजही पापड वाळतात, गाडा मंडळाकडे आहे, त्रिकोण शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. पण ट्यूबच्या दिवसापासून आजवर आमच्या गावात शाफ्टमध्ये कुणाचा पदर, सोगा किंवा हात गेलेला नाही. या चावीच्या नियमाला तात्या शोध मानत नाहीत, कारण फळीप्रमाणेच चावीही कुणीही काढेल. पण कुणीही काढत नाही, तात्या काढतात.

तेव्हा तुमच्या गावात असे तात्या असतील, आणि असणारच, तर त्यांना टाळू नका. ट्रॅक्टरची चावी त्यांच्या खिशात द्या. संध्याकाळी सोडताना फळी तुम्ही ठेवा, ग्रीस तुम्ही लावा. वेल्डिंगवाल्याला मात्र आधीच बजावून ठेवा, की तात्या आले तर लाइट गेलीय म्हणून सांग.